इसवी सन १२९६ : एका वर्षाची नोंद

लखनौ शहरातील अलीगंज भागात हनुमंताचे एक जुने देऊळ आहे. ज्येष्ठ महिन्यातील प्रत्येक मंगळवारी तेथे मोठी यात्रा भरते. लखनौकर या दिवसांना ‘बडा मंगल’ म्हणतात. रस्तोरस्ती सरबताची व पुरी-भाजीची वाटप होते आणि जातिधर्माचा विचार न करता शहर त्यात सामील होते. महाराष्ट्रातून नोकरीनिमित्त लखनौला गेलेल्या मराठी माणसाला मात्र या यात्रेत एक गोष्ट बुचकळ्यात टाकते. पहिला बडा मंगल पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात येतो, आणि घरातल्या मराठी दिनदर्शिकेत त्या दिवशी ज्येष्ठ नव्हे, तर वैशाख वद्य लिहिलेले असते. दोन्ही पंचांगे बरोबर आहेत. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर हिंदुस्थानात तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, पण वद्य पक्षात लखनौचा महिना एका नावाने पुढे गेलेला असतो.

एका दिवसाला दोन महिन्यांची नावे असू शकतात, तर एका वर्षाचे काय? इतिहासाच्या पुस्तकांत शेवटी सनावळी जोडलेली असते. एकेका सालापुढे त्या वर्षीच्या ठळक घटना, जन्म आणि मृत्यू लिहिलेले असतात. वाचताना असे वाटते, की वर्ष ही एक तयार पेटी आहे व घटना तिच्यात ठेवलेल्या आहेत. प्रत्यक्षात ही पेटी नंतरच्या लोकांनी बनविलेली असते. ती कशी बनते, तिच्यात काय शिरते आणि काय बाहेर राहते, हे पाहण्यासाठी उत्तर मध्ययुगातील इसवी सन १२९६ हे वर्ष फार उपयोगी आहे. मराठी मुलखाच्या दृष्टीने तर त्याच्याइतके भरलेले वर्ष शोधून सापडणे कठीण.

प्रथम त्याची नावे पाहू. महाराष्ट्रात त्या काळी शालिवाहन शक चाले. इसवी सनातून ७८ वजा केले, की शक मिळतो, म्हणून १२९६ म्हणजे शके १२१८. परंतु शक गुढीपाडव्याला बदलतो. त्यामुळे १२९६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत शके १२१७ चालू होते. उत्तरेत विक्रम संवत चालत असे. त्याच्या हिशेबाने हे १३५३ होय, व तेही चैत्रापासूनच. दिल्लीच्या दरबारात हिजरी सन होता. हिजरी वर्ष चंद्राच्या बारा महिन्यांचे, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे असल्याने ते ऋतूंशी बांधलेले नाही. हिजरी ६९५ हे वर्ष नोव्हेंबर १२९५ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर १२९६ च्या अखेरीस संपले. ‘१२९६’ हा आकडा मात्र त्या वर्षी देवगिरीत, आळंदीत किंवा दिल्लीत कोणाच्याही लेखणीतून उतरला नसेल. तो आपण मागाहून दिलेला आहे.

या वर्षाची कथा अवध प्रांताजवळून सुरू होते. आजचे लखनौ अवधची राजधानी म्हणून प्रसिद्ध आहे, पण ते फार पुढचे. नवाब आसफउद्दौला याने आपली राजधानी फैजाबादहून लखनौस हलविली ती १७७५ मध्ये, आणि अलीगंजच्या देवळाचा संबंधही नवाबी काळाशीच जोडला जातो. तेराव्या शतकात अवध म्हणजे मुख्यतः अयोध्या व तिच्या भोवतालचा मुलूख. त्याच्या दक्षिणेस गंगेच्या काठी कडा हे ठाणे होते. हे गाव आता उत्तर प्रदेशाच्या कौशांबी जिल्ह्यात मोडते. दिल्लीचा सुलतान जलालुद्दीन खिलजी याने कडा आपला पुतण्या व जावई अल्लाउद्दीन याच्याकडे सोपविले होते. पुढे माळव्यातील भिलसा लुटून अल्लाउद्दीनाने ती संपत्ती चुलत्यापुढे ठेवली, तेव्हा अवधचा कारभारही त्यालाच मिळाला. भिलशाच्या स्वारीत त्याच्या कानी दक्षिणेतील एका श्रीमंत राज्याची वार्ता आली होती. ते राज्य म्हणजे देवगिरीचे यादव.

फेब्रुवारी १२९६ च्या अखेरीस अल्लाउद्दीन काही हजार घोडेस्वार घेऊन कड्याहून निघाला. शके १२१७ संपावयास तेव्हा थोडेच दिवस उरले होते. आपण देवगिरीवर चाललो आहोत, हे त्याने चुलत्यालाही कळविले नाही. कड्याचा कारभार त्याने आपल्या विश्वासातील अलाउल्मुल्क याच्याकडे ठेवला. सुलतानाकडे जाणारी पत्रे समाधानकारक असावीत, ही जबाबदारीही त्याचीच होती. चंदेरी, मग अचलपूर, अशा मार्गाने ही फौज विंध्य व सातपुडा ओलांडून मराठी मुलखात आली. विंध्याच्या दक्षिणेस दिल्लीच्या फौजेचे हे पहिलेच मोठे पाऊल होते.

देवगिरीच्या वाटेवर कान्हा नावाच्या यादव अधिकाऱ्याने या फौजेस अडविले. इसामी या इतिहासकाराने लिहिले आहे, की त्याच्या बाजूने दोन स्त्रिया शौर्याने लढल्या. त्यांची नावे मात्र त्याने दिलेली नाहीत. हा प्रतिकार मोडला आणि अल्लाउद्दीन राजधानीच्या वेशीपाशी येऊन ठाकला. राजा रामचंद्र, ज्याला मराठी परंपरा रामदेवराव म्हणून ओळखते, तो बेसावध होता. सैन्याचा मोठा भाग युवराजाबरोबर दूर गेलेला. राजाने किल्ल्याचा आश्रय घेतला. नंतरच्या एका कथेप्रमाणे, वेढ्याच्या काळासाठी किल्ल्यात चढविलेली पोती धान्याची समजली होती, ती उघडल्यावर मिठाची निघाली. कथा चटकदार आहे, पण ती सांगणारा फरिश्ता हा इतिहासकार घटनेनंतर तीन शतकांनी विजापूरच्या आश्रयाने लिहीत होता, हे लक्षात ठेवावे. मिठाची पोती खरी असोत वा नसोत, एक गोष्ट निश्चित आहे. एवढ्या संपन्न राज्याने आपल्या उत्तर सीमेवर डोळा ठेवला नव्हता. शेजारच्या होयसळांशी व काकतीयांशी होणारी भांडणे त्याला अधिक जवळची वाटत होती.

युवराज परतला, त्याने लढाई दिली आणि ती हरली. तहात सोने, मोती, रत्ने, रेशमी वस्त्रे, हत्ती व घोडे द्यावे लागले. शिवाय अचलपूरच्या बाजूचे उत्पन्न पाठविण्याचे कबूल करावे लागले. लुटीचे आकडे निरनिराळ्या ग्रंथांत निरनिराळे आहेत आणि काही तर विश्वास बसू नये इतके मोठे आहेत. रामचंद्राचे सिंहासन राहिले. अल्लाउद्दीनाला राज्य नको होते, त्याला द्रव्य हवे होते, आणि ते कशासाठी हे थोड्याच दिवसांत उघड झाले.

जूनच्या आरंभी तो कड्यास परतला. सल्लागारांनी सावध केले असतानाही वृद्ध जलालुद्दीन पुतण्याला भेटावयास स्वतः निघाला. रमजानचा महिना होता आणि पावसाने गंगा फुगली होती. अल्लाउद्दीनाच्या भावाने सुलतानाची समजूत घातली, की पुतण्या धाकाने व्याकूळ झाला आहे, मोठी फौज पाहून तो घाबरेल. सुलतान थोड्याच माणसांनिशी नावेतून पलीकडच्या काठाला उतरला. पुतण्याला जवळ घेऊन तो प्रेमाने बोलत असतानाच त्याच्यावर वार झाले. ही घटना जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातील. त्याचे मस्तक भाल्यावर खोवून कडा व माणिकपूर येथे फिरविले गेले आणि नंतर अवधला पाठविण्यात आले. अवधच्या लोकांना राज्य बदलल्याची बातमी अशा रीतीने मिळाली.

त्यानंतर भर पावसाळ्यात अल्लाउद्दीन दिल्लीकडे निघाला. देवगिरीचे सोने आता कामास आले. मुक्कामाच्या ठिकाणी लहान यंत्रातून सोन्याचे तुकडे जमावावर उधळले जात, असे बरनी लिहितो. चुलत्याचे सरदार एकामागून एक त्याला येऊन मिळाले. जलालुद्दीनाच्या विधवेने धाकट्या मुलाला गादीवर बसविले होते, त्याला मुलतानकडे पळावे लागले. २१ ऑक्टोबर १२९६ च्या सुमारास अल्लाउद्दीनाने दिल्लीत प्रवेश केला. दिल्लीचे तख्त मराठी मुलखाच्या पैशाने विकत घेतले गेले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

हे सर्व आपल्याला कोणी सांगितले? अमीर खुसरो हा कवी जलालुद्दीनाच्या पदरी होता, आणि नंतर अल्लाउद्दीनाच्याही. ‘खजाइन-उल-फुतूह’ या आपल्या गद्य ग्रंथात त्याने कड्याहून निघण्याची व परतण्याची तारीख नीट दिली आहे. जुन्या धन्याच्या खुनाविषयी मात्र त्या ग्रंथात एक शब्द नाही. झियाउद्दीन बरनी याने खुनाचे वर्णन तपशिलाने केले. कड्याचा कारभार ज्याच्याकडे ठेवला होता तो अलाउल्मुल्क हा बरनीचा चुलता. त्यामुळे आतल्या गोष्टी त्याच्या घरात बोलल्या जात असतील. पण त्याने ग्रंथ पुरा केला तो १३५७ मध्ये, घटनेनंतर साठ वर्षांनी. इसामीचे काव्य १३५० च्या सुमारास दक्षिणेतच, बहमनी राज्याच्या आश्रयाने पूर्ण झाले. एक तारखा देतो व पाप झाकतो, दुसरा पाप सांगतो पण लिहितो उतारवयात, तिसरा अनामिक स्त्रियांची आठवण ठेवतो. अनेक जुन्या पुस्तकांत देवगिरीच्या स्वारीचे साल १२९४ असे छापलेले आढळते. ते फरिश्त्याच्या आधाराने आले. खुसरो हा समकालीन असल्याने त्याने दिलेली तारीख आता अधिक ग्राह्य धरली जाते.

आता याच वर्षातील दुसरी घटना. ती ज्या कागदांतून कळते, त्यांत सुलतानाचे नावही नाही.

शके १२१८, कार्तिक वद्य त्रयोदशी या दिवशी इंद्रायणीकाठी आळंदी येथे ज्ञानेश्वरांनी संजीवन समाधी घेतली. सहा वर्षांपूर्वी, शके १२१२ मध्ये, नेवासे येथे त्यांनी भगवद्गीतेवरील आपली टीका पूर्ण केली होती. तिच्या शेवटी त्यांनी राजा रामचंद्राचा यदुवंशाचा भूषण व न्यायाने राज्य करणारा म्हणून उल्लेख केला आहे. तोच राजा आता कोषागार रिते करून बसला होता. समाधीचे वर्णन संत नामदेवांच्या नावाने असलेल्या अभंगांत येते. संतांचा मेळा, भावंडांचा शोक, निवृत्तिनाथांनी आपल्या शिष्याला, म्हणजेच धाकट्या भावाला, हात धरून आसनावर नेणे, हे सारे तेथे आहे. देवगिरीचा पराभव तेथे नाही. फारसी ग्रंथकारांना आळंदीची वार्ता नाही, आणि अभंगांना लुटीचे सोयरसुतक नाही.

कार्तिक वद्य त्रयोदशी ही तिथी इसवी सनाच्या गणनेत २५ ऑक्टोबर १२९६, गुरुवार, अशी मानली जाते. अल्लाउद्दीनाने दिल्लीत पाऊल ठेवले त्याच आठवड्यात! हिजरी ६९५ हे वर्ष संपावयास तेव्हा चार-पाच दिवस होते. म्हणजे कड्याहून निघालेली फौज, देवगिरीचा वेढा, गंगेकाठचा खून, दिल्लीतील प्रवेश आणि आळंदीची समाधी, हे सर्व हिजरी सनाच्या एकाच वर्षात बसते. शकाच्या हिशेबाने मात्र स्वारीची सुरुवात एका वर्षात आणि बाकी सर्व पुढच्या वर्षात पडते. लखनौच्या पंचांगाने पाहिले, तर आळंदीची ती त्रयोदशी कार्तिकातील नव्हे, मार्गशीर्षातील ठरते. घटना एकच असते, फक्त तिच्याभोवती कुंपण कोठे घालावयाचे, एवढाच प्रश्न असतो.

समाधीनंतर एका महिन्याने, मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस, धाकटे बंधू सोपानदेव यांनी सासवड येथे देह ठेवला. परंपरेनुसार मुक्ताबाई व निवृत्तिनाथ हेही त्यानंतर वर्षभराच्या आत गेले. परंतु पाडवा उलटून शके १२१९ लागले होते, त्यामुळे सनावळीत त्यांची नोंद १२९७ खाली करावी लागते. चार भावंडांपैकी दोघे एका पानावर, दोघे दुसऱ्या पानावर, असे हे विभाजन होते. ज्यांनी ते दुःख पाहिले, त्यांना ते सलगच वाटले असणार.

मृत्यूच्या तिथी इतक्या नेमक्या, मग जन्माचे काय? १२९६ मध्ये महाराष्ट्रात कोण जन्मले, याचे निश्चित उत्तर देता येत नाही. मुले अर्थातच जन्मली असतील, हजारोंनी जन्मली असतील. परंतु जन्माच्या वेळी कोणाचेही मोठेपण कोणाला ठाऊक नसते, म्हणून नोंद राहत नाही. खुद्द ज्ञानेश्वरांचे जन्मवर्ष काहींच्या मते शके ११९३ व काहींच्या मते शके ११९७ आहे. त्यामुळे समाधीच्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते की एकवीस, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मरणाची तिथी मात्र टिकते, कारण ती पाळावी लागते. पुण्यतिथी दरवर्षी येते, आणि दरवर्षी आलेली गोष्ट विसरली जात नाही. आजही अनेक घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना आपल्या आईवडिलांच्या श्राद्धाची तिथी तोंडपाठ असते, पण स्वतःची जन्मतारीख विचारली, तर ‘दुष्काळाच्या साली’ किंवा ‘पुराच्या वर्षी’ असे उत्तर येते. शाळेच्या किंवा शिधापत्रिकेच्या अर्जावर मग कोणीतरी अंदाजाने १ जून लिहून टाकतो. नोंद नसणे म्हणजे घटना न घडणे नव्हे, हे अशा माणसांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

युरोपात त्या वर्षी जन्मलेल्यांपैकी एकाची तारीख मात्र ठाऊक आहे. १० ऑगस्ट १२९६ रोजी लक्झेंबर्गच्या राजघराण्यात जॉन जन्मला. तो पुढे बोहेमियाचा राजा झाला, त्याची दृष्टी गेली, आणि आंधळा असतानाही १३४६ मध्ये क्रेसीच्या रणांगणावर लढता लढता तो मरण पावला. सत्ताधारी घराण्यातील मुलगा म्हणून त्याच्या जन्माची नोंद झाली. त्याच दिवशी शेतकऱ्यांच्या घरी जन्मलेल्यांची झाली नाही.

राज्यकर्त्यांच्या दृष्टीने ते वर्ष सर्वत्रच वाईट गेलेले दिसते. फेब्रुवारीत पोलंडचा राजा प्शेमिस्वाफ दुसरा मारला गेला. त्याला मुकुट घालून पुरते वर्षही झाले नव्हते. जूनमध्ये हॉलंडचा सरदार फ्लोरिस पाचवा याला त्याच्याच सरदारांनी ठार केले, आणि जुलैत जलालुद्दीन. मे महिन्यात माजी पोप सेलेस्टाइन पाचवा बंदिवासात वारला. पोपपद स्वेच्छेने सोडणारा हा संन्यस्त वृत्तीचा माणूस होता. एप्रिलमध्ये इंग्लंडच्या एडवर्ड राजाने डनबारच्या लढाईत स्कॉटलंडचा पराभव केला आणि तेथील राजांच्या अभिषेकाची शिळा उचलून लंडनला नेली. ती शिळा स्कॉटलंडला परत मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले. देवगिरीहून गेलेले सोने काही परत आले नाही.

बांधण्याचे कामही कोठे कोठे चालू होते. सप्टेंबरमध्ये फ्लॉरेन्स शहरात नव्या महामंदिराचा पाया घातला गेला. त्याचा प्रसिद्ध घुमट पुरा होण्यास १४३६ पर्यंत वाट पाहावी लागली. ऑगस्टमध्ये चीनच्या सम्राटाच्या शिष्टमंडळाबरोबर झोऊ दागुआन नावाचा एक मनुष्य कंबोडियातील अंगकोर नगरीत पोहोचला. तो सुमारे एक वर्ष तेथे राहिला. राजवाड्याबरोबरच बाजार, स्नाने, घरे, कपडे, भाज्या, हेही त्याने लिहून ठेवले. बाजारात बहुतेक व्यापार स्त्रियाच करतात, असे त्याचे निरीक्षण आहे. देवगिरीच्या बाजारपेठेत त्या वर्षी असा एखादा झोऊ दागुआन आला असता, तर वेढ्याच्या दिवसांत ज्वारी काय भावाने विकली गेली आणि लुटीनंतर कोणत्या आळीत चूल पेटली नाही, हेही कदाचित कळले असते.

पुढे १३०७-०८ मध्ये मलिक काफूर देवगिरीवर आला, रामचंद्राला दिल्लीस घेऊन गेला आणि मानसन्मान देऊन परत पाठविले. आणखी दहा वर्षांनी यादवांचे राज्य संपले. कडा आता एक लहानसे गाव आहे. आळंदीस कार्तिक वद्य पक्षात यात्रा भरते आणि त्रयोदशीच्या दिवशी समाधीचा सोहळा होतो. तो दिवस सरकारी दिनदर्शिकेत दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. अलीगंजमधील मराठी कुटुंबाने त्या दिवशी शेजाऱ्याच्या पंचांगात पाहिले, तर तेथे मार्गशीर्ष कृष्ण त्रयोदशी लिहिलेली आढळते.